धर्म नाही, हेही उत्तरच आहे: जनगणना आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
भारताचे महानिबंधक आणि जनगणना आयुक्त,
नवी दिल्ली

विषय: जनगणना २०२७ मधील धर्माचा रकाना आणि कोणताही धर्म नसलेले नागरिक

महोदय,

२०११ च्या जनगणनेने देशात ३३,३०४ नास्तिक मोजले. हा आकडा छापला कुठे आहे, ते मुद्दाम पाहण्यासारखे आहे. धर्मविषयक सी-०१ तक्त्याच्या परिशिष्टात, ‘इतर धर्म व पंथ’ या मथळ्याखाली, सरना आणि अन्य आदिवासी धर्मांच्या यादीत तो सापडतो. देव न मानणाऱ्यांचा सरकारदरबारी असा एक धर्मच होऊन बसला. मुख्य तक्त्यात ‘धर्म नाही’ अशी ओळच नाही. जी आहे ती ‘धर्म नमूद नाही’ ही, आणि २००१ मध्ये तिच्यासमोर ७.२७ लाख माणसे होती, २०११ मध्ये २८.६७ लाख. दहा वर्षांत लोकसंख्या सुमारे १८ टक्क्यांनी वाढली आणि ही ओळ जवळपास चौपट झाली. तिच्यात धर्म सोडलेले किती, उत्तर द्यायला नकार देणारे किती, प्रश्नच न विचारला गेलेले किती आणि अक्षर न लागल्यामुळे आलेले किती, हे तक्ता सांगत नाही. वर्तमानपत्रांनी तेव्हा या सगळ्यांना सरसकट ‘निधर्मी’ ठरवून मथळे दिले. तक्त्याने वेगळे काही सांगितलेच नव्हते, तेव्हा दोष त्यांना तरी कसा द्यावा?

आम्ही निरीश्वरवादी नागरिक आहोत. आमची मागणी आरक्षणाची नाही, अल्पसंख्याक दर्जाची नाही, कुठल्या निधीची नाही. पुढच्या जनगणनेच्या धर्म-प्रश्नात ‘धर्म नाही’ या उत्तराला स्वतःचा संकेतांक मिळावा, तो मुख्य तक्त्यात स्वतंत्र ओळ म्हणून छापला जावा आणि या उत्तरामुळे कोणाच्या जातीच्या नोंदीला धक्का लागू नये, एवढेच म्हणणे आहे. ऐकायला हे किरकोळ वाटते. प्रत्यक्षात प्रश्न, प्रगणक पुस्तिका, ॲप, संकेतसूची आणि तक्ते अशा पाच ठिकाणी हात घालावा लागेल, आणि पाचांपैकी एक जरी राहिले तरी उरलेल्या चारांचा उपयोग नाही. म्हणून हे पत्र लांबले आहे.

आधी राज्यसंस्थेने या विषयात आजवर काय केले ते. १८७२ च्या तिसऱ्या कायद्याने, म्हणजे ब्राह्मो समाजाच्या आग्रहातून आलेल्या विशेष विवाह कायद्याने, वधूवरांकडून एक निवेदन लिहून घेतले जाई: आम्ही हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी, ज्यू, बौद्ध, शीख, जैन यांपैकी कोणत्याही धर्माचे नाही. जातीबाहेर लग्न करायचे तर धर्म नाकारावा लागे, मग घरी रोज पूजा चालत असली तरी. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांची यातून सुटका केली. १९५४ च्या कायद्याने निवेदनच काढून टाकले. त्या काळातल्या नोंदणी-वह्या पाहून कोणी ‘इतके लोक निधर्मी होते’ असा निष्कर्ष काढला तर तो साफ चुकेल. सक्तीने लिहून घेतलेली ‘नाही’ आणि सक्तीने लिहून घेतलेली ‘आहे’ यांची किंमत सारखीच असते. आकडेवारीच्या माणसाने हे प्रकरण विसरू नये.

शपथेची गोष्ट याच्या उलट. चार्ल्स ब्रॅडलॉ १८८० मध्ये नॉर्दॅम्प्टनमधून ब्रिटिश संसदेवर निवडून आले, ईश्वराच्या नावाने शपथ घेण्याऐवजी प्रतिज्ञा करू द्या म्हणाले आणि त्यांना सभागृहात बसू दिले गेले नाही. मतदारांनी त्यांना पुन्हा पुन्हा निवडून दिले. जागा मिळायला १८८६ उजाडले आणि कायदा बदलायला १८८८. हेच ब्रॅडलॉ १८८९ च्या मुंबई काँग्रेसला पाहुणे म्हणून आले होते. आपल्या राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ आणि ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’ असे दोन पर्याय शेजारी शेजारी उभे आहेत. मंत्री असो की न्यायमूर्ती, कोणता पर्याय का निवडला हे त्याला कोणी विचारत नाही. न्यायालयातल्या साक्षीदारालाही १९६९ च्या शपथ कायद्याने हीच मोकळीक आहे.

१७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत ह. वि. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ व्हावी अशी दुरुस्ती मांडली. मतदान झाले: बाजूने ४१, विरोधात ६८. विरोधात मत देणाऱ्यांत श्रद्धाळू माणसे भरपूर होती. आपली श्रद्धा दुसऱ्याच्या तोंडी घालू नये, इतकेच त्यांचे म्हणणे होते. आणि अलीकडचे पाहायचे तर सप्टेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की, कोणत्याही अर्जात किंवा दस्तऐवजात धर्म जाहीर करण्याची सक्ती शासन करू शकत नाही आणि अनुच्छेद २५ मधल्या सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्यात ‘माझा कोणताच धर्म नाही’ असे म्हणण्याचे स्वातंत्र्य येते. राजपत्रात तशी नोंद छापायला सरकारी मुद्रणालयाने नकार दिला, त्यातून ते प्रकरण उभे राहिले होते.

म्हणजे लग्नात जागा आहे, शपथेत आहे, उद्देशिकेत आहे, न्यायालयाच्या निकालात आहे. मोजणीत तेवढी नाही.

आता धर्माचा रकाना नेमके काय मोजतो याबद्दल, कारण आमच्याच गोटातले काही जण इथे चूक करतात. देव मानणे, एखाद्या धर्मसमाजात असणे आणि धर्माचे आचार पाळणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. जनगणना फक्त मधली विचारते. पूर्वमीमांसक कट्टर वैदिक होते, यज्ञाच्या काटेकोरपणात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता; तरी कुमारिल भट्टांनी श्लोकवार्तिकात सृष्टिकर्त्याच्या कल्पनेवर घेतलेले आक्षेप आजच्या कुठल्याही नास्तिकाला पाठ करावेसे वाटतील. वेद कोणी रचलेच नाहीत, मग रचणारा देव हवा कशाला? ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत प्रकृती (जड सृष्टीचे मूळ) आणि पुरुष (चेतन तत्त्व) एवढ्यावर सगळा डोलारा उभा आहे. ईश्वर सिद्ध करण्यासाठी उदयनाचार्यांना न्यायकुसुमांजलीसारखा ग्रंथ लिहावा लागला, तो काही परदेशी नास्तिकांना उत्तर म्हणून नव्हे. जैन आणि बौद्धांनी जगन्नियंता नाकारला आणि धर्म उभारला. या सगळ्यांना आजच्या अर्जात ‘धर्म नाही’ लिहायला लावले तर हास्यास्पद होईल.

आजचा पुरावाही तेच सांगतो. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेने २०१९-२० मध्ये भारतात सुमारे ३०,००० प्रौढांच्या मुलाखती घेतल्या. देव मानतो असे सांगणारे ९७ टक्के निघाले. पण बौद्धांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांनी देव मानत नसल्याचे सांगितले. २०११ मध्ये देशातल्या ८४.४३ लाख बौद्धांपैकी ६५.३१ लाख महाराष्ट्रात होते, आणि १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेतल्या बावीस प्रतिज्ञांची सुरुवातच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही इथून होते. हे लोक निरीश्वरवादी असतील, धर्महीन नव्हेत; त्यांनी अभिमानाने ‘बौद्ध’ लिहावे. उलट, देवावर अंधुकसा विश्वास असलेला पण कुठल्याच धर्मात न बसणारा माणूस ‘धर्म नाही’ लिहू शकतो. म्हणून ‘नास्तिक’ हा पर्याय धर्मांच्या यादीत नको. जनगणनेत ‘तुम्ही देव मानता का?’ असा प्रश्नही नको. घरोघरी, सगळ्यांदेखत, सरकारी माणसाने विचारायचा तो प्रश्नच नाही. ते काम नमुना सर्वेक्षणाचे.

अर्थात, ९७ वजा जाता जे उरतात त्यांतले निम्मे जरी उत्तर न देणारे किंवा संभ्रमातले धरले, तरी ३३,३०४ या आकड्याशी त्याचा मेळ लागत नाही. २०११ च्या १२१ कोटींचा एक टक्का म्हणजे १ कोटी २१ लाख. त्या ३३,३०४ ची राज्यवार विभागणी तर आणखी बोलकी आहे: महाराष्ट्र ९,६५२, मेघालय ९,०८९, केरळ ४,८९६. मेघालयाची लोकसंख्या तेव्हा तीस लाखांच्या आत होती आणि महाराष्ट्राची सव्वाअकरा कोटींच्या आसपास. दर लाखामागे मेघालयात सुमारे ३०६ नास्तिक आणि महाराष्ट्रात जेमतेम नऊ! आगरकर, र. धों. कर्वे आणि दाभोलकर यांच्या मुलखात नास्तिक मेघालयाच्या पस्तीसपट विरळ, हे विचारांच्या इतिहासाने समजावता येण्यासारखे नाही. आमच्या मते हा फरक माणसांमधला कमी आणि नोंद करण्याच्या पद्धतीतला जास्त आहे.

ती पद्धत कुठे घसरते? २०११ च्या अर्जात सहा धर्मांना संकेतांक होते: हिंदू १, मुस्लिम २, ख्रिस्ती ३, शीख ४, बौद्ध ५, जैन ६. बाकी कोणी असेल तर धर्माचे नाव पूर्ण लिहायचे, संकेतांक द्यायचा नाही. एका प्रगणकाकडे साधारण सातशे-आठशे माणसे असतात, हातात थोडेच दिवस आणि वर शाळेची नोकरी. आकडा टाकणे सोपे, शब्द लिहिणे कटकटीचे. मग ‘हिंदूच ना?’ असे विचारले जाते आणि मान हलायच्या आत १ पडलेला असतो. बरेचदा एवढेही होत नाही; आडनावावरून किंवा दारावरच्या तोरणावरून काम भागते. चार्वाकाला फक्त प्रत्यक्ष प्रमाण मान्य होते. आपला प्रगणक सर्रास अनुमानावर चालतो. दुसरी घसरण कुटुंबप्रमुखाची. प्रश्न एकाला विचारला जातो आणि तेच उत्तर सहा जणांच्या नावापुढे उतरते. तिसरी अशी की आग्रह धरणाऱ्याला प्रगणक समजावू लागतो: अहो, काहीतरी लिहावेच लागते.

रचना बदलल्यावर काय होते, याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण ऑस्ट्रेलियाचे. १९६६ च्या तिथल्या जनगणनेत धर्म नसलेले ०.८ टक्के होते. १९७१ मध्ये प्रश्नाशेजारी ‘धर्म नसल्यास नाही असे लिहा’ ही सूचना छापली आणि प्रमाण ६.७ टक्के झाले. पाच वर्षांत एवढा देश काही धर्मापासून दुरावला नव्हता. २०१६ मध्ये त्यांनी ‘धर्म नाही’ हा पर्याय यादीत सर्वांत वर नेला. प्रमाण २०११ मधल्या सुमारे २२ वरून ३० टक्क्यांवर गेले. इथे मात्र सावधपणे वाचावे. वरच्या जागेचा स्वतःचा एक ओढा असतो, त्यामुळे या वाढीतले किती खरे आणि किती जागेचे, हे वेगळे काढणे अवघड आहे. म्हणूनच आम्ही पहिली जागा मागत नाही. सहानंतर सातवा संकेतांक पुरे.

उलट्या टोकाचे उदाहरण झेक प्रजासत्ताकाचे. २०११ मध्ये तिथे हा प्रश्न ऐच्छिक होता आणि जवळपास ४५ टक्के लोकांनी तो कोरा सोडला. कोरे आणि ‘धर्म नाही’ त्यांनी वेगळे ठेवले, म्हणून निदान नेमके काय कळत नाही हे तरी कळले. इंग्लंड-वेल्समध्ये २००१ साली सुमारे ३ लाख ९० हजार लोकांनी गंमत म्हणून एका चित्रपटातला काल्पनिक ‘जेडाय’ धर्म लिहिला. सांख्यिकी कार्यालयाने त्यांना शांतपणे ‘धर्म नाही’ मध्ये घातले. मोकळी जागा दिली की असे होणारच, आणि त्यासाठी वर्गीकरणाचा नियम आधी ठरलेला हवा, मोजणी झाल्यावर नव्हे.

आता सर्वांत नाजूक जागा. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाचा तिसरा परिच्छेद म्हणतो की हिंदू, शीख (१९५६ पासून) किंवा बौद्ध (१९९० पासून) याहून वेगळा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. जनगणनेत याचे रूपांतर एका सरधोपट सूचनेत होते: अनुसूचित जाती फक्त हिंदू, शीख, बौद्धांमध्ये, जमाती कोणत्याही धर्मात. कागदी अर्जात ही सूचना पुस्तिकेत असते. ॲपमध्ये ती तपासणीचा नियम बनेल, आणि धर्मापुढे ७ पडताच अनुसूचित जातीचा पर्याय करडा होईल. म्हणजे दलित निरीश्वरवाद्यापुढे दोनच वाटा राहतील: धर्माबद्दल खोटे सांगा किंवा जात गमवा. पेरियार यांच्या परंपरेतल्या, आंबेडकरी चळवळीतल्या, डाव्या पक्षांतल्या माणसाने यातले काय निवडावे? तो साहजिकच पहिला पर्याय निवडतो, आणि आपली आकडेवारी पुन्हा एकदा ‘सगळे हिंदू’ म्हणून सुखावते.

आमचे वाचन असे आहे. आदेशात ‘वेगळा धर्म मानणारी’ व्यक्ती वगळली आहे. जो कोणताच धर्म मानत नाही तो वेगळा धर्म मानत नाही. परिच्छेदाचे शब्द त्याला लागू होत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच जसानी खटल्यात सांगितले होते की महानुभाव पंथ स्वीकारलेला महार उमेदवार त्यामुळे आपल्या जातीबाहेर जात नाही. कारण बघायचे ते त्या माणसाचे आणि त्याच्या समाजाचे नाते. देव सोडला म्हणून गावकुसाबाहेरचा माणूस आत येत नाही. जात जन्मावरून चिकटते आणि दुसऱ्यांच्या वागण्यात जिवंत राहते. आमचे वाचन मान्य नसेल तर विधी मंत्रालयाचा अभिप्राय घ्या. पण तो येईपर्यंत ॲपने परस्पर निवाडा करू नये: धर्म ७ आणि जात अनुसूचित, अशी जोडी स्वीकारावी, तिच्यावर खूण करून ठेवावी आणि तक्त्यात वेगळी दाखवावी. या वेळी सर्व जातींची नोंद होणार असल्याने हा प्रश्न फक्त अनुसूचित जातींपुरता राहणार नाही. धर्माचा रकाना आणि जातीचा रकाना एकमेकांना कुलूप लावणार नाहीत, हे तत्त्व सर्वांसाठी हवे.

‘कायद्याने तुम्ही हिंदूच’ असे उत्तर आम्हाला नेहमी मिळते. हिंदू विवाह कायदा आणि हिंदू उत्तराधिकार कायदा, दोन्हींचे कलम २ एवढेच म्हणते की मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी, ज्यू नसलेल्या इतरांनाही हे कायदे लागू होतात. कायदा लागू होणे आणि धर्म चिकटणे यांत फरक आहे. विशेष विवाह कायद्याने, तीस दिवसांची नोटीस देऊन, लग्न केलेल्या ख्रिस्ती जोडप्याला भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो आणि धर्म सोडलेल्या जोडप्यालाही. त्याने या दोन जोडप्यांचा धर्म एक होत नाही. इस्लाम सोडलेल्यांची अडचण तर आणखी वेगळी. वारसाहक्कासाठी आपल्याला शरियतऐवजी भारतीय उत्तराधिकार कायदा लागू व्हावा, या केरळमधून आलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये नोटीस काढली. असे लोक देशात किती आहेत, हा प्रश्न न्यायालयाने उद्या विचारला तर आपल्या कार्यालयाकडे आज उत्तर नाही.

जनगणना कायदा १९४८ च्या आठव्या कलमात विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देणे बंधनकारक आहे. नकाराला अकराव्या कलमाखाली एक हजार रुपयांपर्यंत दंड. सूट एकच: घरातल्या स्त्रियांची नावे सांगणे आणि स्त्रीने नवऱ्याचे नाव घेणे बंधनकारक नाही. रूढीची एवढी काळजी घेणाऱ्या कायद्याला सद्सद्विवेकाची आठवण झाली नाही. २०१४ चा निकाल आणि हे कलम यांचा मेळ घालायचा सोपा मार्ग म्हणजे आठवा संकेतांक, ‘सांगायचे नाही’. तो असला की नकारही नोंद होतो आणि ‘धर्म नाही’ शुद्ध राहते. कोरा रकाना पुढे जाऊच नये. ॲपने तिथे थांबावे. मात्र थांबल्यावर कुटुंबप्रमुखाचे उत्तर आपोआप भरून दाखवू नये. वेळ वाचवणारी ही एकच सोय सगळ्या सुधारणेवर पाणी फिरवायला पुरेशी आहे.

स्व-गणनेत, म्हणजे नागरिकांनी स्वतःच अर्ज भरण्यात, धोका निराळा. घरात मोबाइल क्रमांक एकाचा आणि अर्ज सगळ्यांचा. एकवीस वर्षांची मुलगी ‘धर्म नाही’ म्हणू पाहते आणि अर्ज वडील भरतात. यावर परिपूर्ण उपाय आम्हालाही दिसत नाही. अठरा वर्षांवरील प्रत्येकाला फक्त या प्रश्नाचे उत्तर स्वतंत्रपणे देता येईल अशी सोय तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. ती जमणार नसेल तर निदान प्रत्यक्ष भेटीच्या वेळी समोर असलेल्या प्रौढ व्यक्तीचे स्वतःचे उत्तर अर्जातल्या उत्तरापेक्षा वरचढ धरावे. अल्पवयीन मुलांचे आईवडील सांगतील ते. जनगणना कायद्याच्या पंधराव्या कलमाने जनगणनेच्या नोंदी गोपनीय आहेत आणि पुरावा म्हणून चालत नाहीत, हे वाक्य प्रगणकाने या प्रश्नाआधी मोठ्याने वाचावे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात झालेली दाभोलकरांची हत्या ज्यांना आठवते त्यांना ही खबरदारी अनाठायी वाटणार नाही.

याच कारणासाठी तक्ते छापताना हात आखडता घ्यावा, असेही आम्हीच सुचवतो. गाव आणि प्रभाग पातळीवर संकेतांक ७ ची संख्या प्रसिद्ध करू नये. दोन हजार वस्तीच्या गावात ‘धर्म नाही: १’ असे छापले की तो एक कोण, हे चावडीवर अर्ध्या तासात कळेल. जिल्हा पातळी पुरे, आणि तिथेही वय-लिंग-शिक्षणाच्या उभ्या-आडव्या तक्त्यात दहापेक्षा कमी संख्या असलेले रकाने झाकावेत.

राहिली मोकळ्या शब्दांची संकेतसूची. आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांत लोक काय काय सांगतात याची यादी आधी करून ठेवावी. नास्तिक, निरीश्वरवादी, निधर्मी, अज्ञेयवादी, बुद्धिवादी, ‘कोणताच नाही’ हे सरळ ७ मध्ये. ‘माणुसकी’, ‘मानवता’, ‘भारतीय’ ही उत्तरे मात्र ७ मध्ये घालू नयेत. आमची संख्या वाढेल हे खरे, पण ‘माणुसकी हाच माझा धर्म’ म्हणणारे किती तरी लोक आषाढीला पायी जातात. त्यांना उपसंकेतांक द्यावा आणि वेगळे छापावे. तसेच सरनाचे. २०११ मध्ये ४९.५७ लाख लोकांनी तो शब्द लिहिला आणि झारखंड विधानसभेने नोव्हेंबर २०२० मध्ये त्यासाठी स्वतंत्र संकेतांकाचा ठराव केला. त्यांची मागणी त्यांची आहे, तिच्या आड आम्ही येत नाही. पण एकाच परिशिष्टात दोघांना कोंबण्याने दोघांवरही अन्याय होतो, एवढे दिसते.

लोकायतांचे, म्हणजे चार्वाकपंथीयांचे, ग्रंथ जवळपास सगळे गेले. त्यांचे म्हणणे आपण वाचतो ते बहुतेक चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहासारख्या विरोधी पक्षाच्या वहीतून, आणि त्या वहीवर किती विसंबावे यावर पंडित अजून भांडताहेत. जनगणनेची वही सरकारची आहे, तिला बाजू असायचे कारण नाही.

१ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक आहे. बर्फाळ प्रदेशांसाठी १ ऑक्टोबर २०२६. पुस्तिका छापून, भाषांतरित होऊन प्रशिक्षणात पोहोचल्यावर त्यात बदल होत नाहीत. म्हणून धर्म-प्रश्नासाठी प्रगणक पुस्तिकेत घालायचा मजकूरच खाली देत आहोत:

“धर्माचा प्रश्न प्रत्येक व्यक्तीसाठी वेगळा विचारा आणि असा वाचा: तुमचा धर्म कोणता? धर्म नसल्यास तसे सांगा. नाव, आडनाव, घरातला देव्हारा किंवा कुटुंबप्रमुखाचे उत्तर यांवरून धर्म ठरवू नका. धर्म नाही, नास्तिक आहे, कोणताच धर्म मानत नाही, यांपैकी काहीही सांगितल्यास संकेतांक ७ नोंदवा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळा. कारण विचारू नका, समजूत घालू नका. उत्तर द्यायचे नसल्यास ८ नोंदवा. धर्माच्या उत्तरावरून जात किंवा जमात बदलू नका.”

आपले,
काही निरीश्वरवादी नागरिक